उजव्या पॅडलवरचा पाय

शुक्र., ७ नोव्हें.
दाऊदभाईंचा नव्या विमानावरचा तिसरा धडा. क्लबाच्या छोट्या विमानावर माणूस दहा वर्षं उडतोय, आणि उतरवतो असा की मांडीवरचा चहा सांडू नये. पण हे दुप्पट ताकदीचं. वेग कमी करायची आठवण होईतो धावपट्टी समोर हजर, मग सगळं वरातीमागून घोडं. शेजारी बसून शिकवणारी मी ओरडले. ते हसतात. "मॅडम, हा कोणाची वाट बगत नाय!"
उतरायचं रद्द करून ऐनवेळी पुन्हा वर जायचं, तो गो-अराउंड आज दोनदा. पूर्ण ताकद दिली की ह्याचं नाक डावीकडे ओढतं, उजवं पॅडल जोरात दाबावं लागतं. त्यांनी दाबलं नाही. मी माझ्या बाजूचं दाबलं. दोन्हीकडची पॅडलं जोडलेलीच असतात.

शनि., ८ नोव्हें.
पुन्हा दोन, पुन्हा तेच. "पाय!" म्हणायच्या आधी माझाच पाय गेलेला असतो. त्यांना वाटलं, जमलं. इतके खूश झाले की मी गप्प बसले. नोंदवहीत लिहिलं: गो-अराउंड ठीक.

गुरु., १३ नोव्हें.
सकाळी त्यांचा फोन. "शनवारी सही होयल काय?" माझी सही झाली की हे विमान त्यांना एकट्याने नेता येईल.
महिनाअखेरीनंतर त्यांचं आवराआवरीचं सुरू. इथे आखातात शुऐबा बंदरावर जहाजांना सामान पुरवायचा धंदा पुतण्याच्या हाती देऊन रत्नागिरीला कायमचे. त्याआधी एकदा समुद्रावर एकट्याने जायचंय. तिकडे गेल्यावर कुठलं विमान. आणि हाच माणूस नऊ वर्षांपूर्वी माझ्यासाठी क्लबात शब्द टाकून आला, अबू हलीफाचा हा फ्लॅट त्यानेच बघून दिला, इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, रांगेत माझ्याबरोबर दोन दिवस उभा राहिला.
अजून निदान तीन धडे हवेत, हे म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बघू." मिलिंद ऐकत होता. "तुला नाही म्हणता येत नाही, हे क्लबात ठाऊक आहे का?" नवऱ्याला काय जातंय चिडवायला.

शनि., १५ नोव्हें.
सही केली.
आज पाय मागे ओढून बसायचं ठरवलं होतं. नाक वळायला लागलं आणि पाय पुढे. दोन्ही वेळा. मला कळत होतं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कळलं नव्हतं म्हणायला नको. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे पोरांना ऐकवते मी. आणि ह्यांना काठावरून हात धरून पोहवलं. भीड भिकेची बहीण.
दाऊदभाईंच्या घरून फातिमाभाभींनी सांदणं पाठवली. लेकीने, सईने, चार खाल्ली, मी डबा झाकून ठेवला.

शुक्र., २१ नोव्हें.
दाऊदभाईंना अपघात. जीव वाचला.
एकटे होते. समुद्रावरून छान आले. वारा आडवा, उतरणं जुळेना, गो-अराउंड घेतला. निर्णय अगदी बरोबर. पूर्ण ताकद, नाक डावीकडे, पंख टेकला, विमान वाळूत. मी क्लबाच्या व्हरांड्यात उभी राहून उजवा पाय फरशीवर दाबत होते.
गळ्याजवळचं हाड मोडलंय. मणक्याला मार. पुढचं डॉक्टर बोलत नाहीत.

रवि., २३ नोव्हें.
हॉस्पिटल. मला बघून हसायला गेले, कळ आली. "मॅडम, तुमच्यासंगती सहा वेळा झाला, एकट्यानं एकदा नाय जमला. वय झाला माझा."
तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "आराम करा."

मंगळ., २५ नोव्हें.
चौकशीचा कागद आला. प्रश्न अकरावा: शिक्षकाच्या मदतीशिवाय वैमानिकाने गो-अराउंड किती वेळा केला? नोंदीप्रमाणे सहा. खरं उत्तर शून्य.
शून्य लिहिलं तर शिकवायचं लायसन्स जाणार, त्याच्यामागे नोकरी. सहा लिहिलं तर तो माणूस मरेपर्यंत समजणार की आपल्यातच काही कमी होतं.
मिलिंद म्हणाला, "नोंद तर सहाचीच आहे ना?" भयंकर चिडले त्याच्यावर. मला तेच सुचलं होतं म्हणून.
सई, गृहपाठाची वही पुढे ओढत: "आई, जस्ट टेल हिम." बारा वर्षांची आहे. तिला सगळंच सोपं.

गुरु., २७ नोव्हें.
ते घरी आलेत. बनेद अल-गारला त्यांच्याकडे गेले मी, सांगायलाच. गाडीत वाक्य तयार केलं होतं, दोनदा मोठ्याने म्हटलंही. भाभी चहा ठेवायला आत गेल्या. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "क्लबाला कळवा, आता माझा नाव काढून टाका. लोकांस्नी उगाच धोका नको."
मी सुरुवात केली. "दाऊदभाई, ते सहा वेळा जे झालं ना..."
त्यांनी मान वळवली. किती आशेने.
"...ते खरंच छान झालं होतं."
"होय ना?" म्हणाले. चेहरा उजळला. चहा पिऊन आले मी. लाज वाटते.

शनि., २९ नोव्हें.
कागद सोमवारी द्यायचा. खाली वैमानिकाचीही सही लागते, फोन करून सांगितलं. "तुमी लिवा मॅडम, मी सही करतो. मी काय बगायचा त्यात?" चष्मा विमानात फुटला, नवा अजून झालेला नाही.
अकराव्या प्रश्नापुढे शून्य लिहिलंय. शाईने. मिलिंदला दाखवलं, तो शेजारी येऊन बसला.
उद्या सकाळी जाते. सही आधी करू द्यायची नाही. सगळा कागद मीच मोठ्याने वाचून दाखवणार, आणि अकराव्यावर आल्यावर माझ्या तोंडून काय निघेल ते मला आत्ता सांगता येत नाही.