उदयकाकासारखी

सॉल्ट लेक, कोलकाता
८ जुलै २०२४

ती. पुष्पावन्संना शकुनचा सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता आलं नसतं. रुचा पलीकडच्याच खोलीत असते, म्हणून लिहितेय.

रुचाने वर्गातल्या तियाशाच्या तोंडावर पाण्याची स्टीलची बाटली मारली. तियाशा रुचाच्या मोडक्या बंगालीची नक्कल करत होती, एवढंच कारण. भुवईवर टाके पडले, डोळा वाचला. तक्रार झाली आणि आता प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे. मी स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते. आत काही हलत नाही.

मंडळाने समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी विचारलं, लहानपणी डोक्याला मार लागला होता का, घरात कोणी हात उचलतं का, शाळा किती बदलल्या. यांच्या बँकेच्या बदल्या तुम्हाला माहीतच आहेत. भोपाळ, विशाखापट्टणम, आता इथे. दर वेळी नवी भाषा, मैत्रिणी नाहीत. घराण्यात असं कोणी होतं का, यावर हे म्हणाले, माझा थोरला भाऊ उदय. बाई म्हणाल्या, काही जन्मतः येतं, काही परिस्थितीने होतं. कुठलं किती, ते सांगता येत नाही.

रुचा दाराबाहेर बसली होती. घरी आल्यावर तिने विचारलं, मी उदयकाकासारखी आहे का. मी कुकर लावला.

माया आहे तशीच राहू द्या.
शकुन

नागपूर
१६ जुलै

चि. सौ. शकुन हिस अ. उ. आ.

केयूरचा राग आला, थोरल्या भावाचं नाव त्याने असं सांगितलं म्हणून. उदयने सतराव्या वर्षी शेजारच्या मुलाचे दात पाडले, तेवढं त्याला आठवलं. मग वाटलं, आम्ही तरी काय केलं? अण्णांनी उदयचं कॉलेज सोडवलं आणि घरात तो विषय संपला.

रागावू नकोस, तुझं पत्र मी उदयला दिलं. दुकानात पंखा दुरुस्त करत होता. वाचून घडी घातली आणि पंखा पुरा केला. जेवताना मी विचारलं, तुझा राग गेला कसा रे. म्हणाला, गेला नाही. अजून हातांपर्यंत येतो, तेव्हा मी उठून बाहेर जातो. भर पंगतीतून तो असा उठून गेलाय, शकुन, आणि आम्ही त्याला तऱ्हेवाईक म्हणून हसलोय.

सुनावणी कधी, ते विचारतोय. तिकीट काढणार आहे.

स्वतःला जप. मला परकी समजू नकोस.
पुष्पा

सॉल्ट लेक
५ ऑगस्ट

ती. पुष्पावन्संना सा. न. वि. वि.

भावजी आले आणि काल परत गेले. मंडळाने रुचाला समज दिली, वर्षभर समुपदेशन सांगितलं. शाळेने काढून टाकलं. माफी मागायला गेली, तर तियाशाच्या आईने दार उघडलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

भावजी आणि ती बाल्कनीत बसायची. काय बोलायची, मी विचारलं नाही.

परवा जेवताना यांनी सांगितलं, बेहाला भागातल्या शाळेत प्रवेश मिळेल, तिथे तरी नीट वाग. रुचाच्या मुठी वळल्या. मी तिच्या हाताजवळचा तांब्या उचलून घेतला. ती उठली आणि जिना उतरून गेली. हे मागे निघाले, तर भावजींनी त्यांना बसवलं. आम्ही जेवत राहिलो.

काही वेळाने ती आली, ताटावर बसली, भात वाढ म्हणाली. भात गार झाला होता. तिने तसाच खाल्ला.

तुमची आठवण काढते. लिहीत राहा.
शकुन