शाळेवरच्या फांदीविषयी माझे शेवटचे म्हणणे

मी, खाली सही करणार, वय एकसष्ट, धंदा मोठी जुनी झाडे छाटण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. कोणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे, आणि ती मरणाची नाही.

कलम १. राहते घर, मागचे अंगण आणि बँकेतील ठेव पत्नीला. तिच्या हयातीत कोणीही हिस्सा मागू नये. अडतीस वर्षे मी अंगभर भुसा घेऊन घरी आलो आणि तो तिने झाडला.

कलम २. मागच्या गल्लीतला ठेकेदार झाडांचे शेंडे सपाट कापतो आणि त्याला छाटणी म्हणतो. त्याला माझे एकही हत्यार विकू नये, भाड्याने देऊ नये, बघायलासुद्धा देऊ नये.

कलम ३. मुलींच्या शाळेच्या अंगणात शिरीषाचे झाड आहे. बुंध्याला कवेत घ्यायला चार माणसे लागतात. मुली डबा खातात त्या कट्ट्यावर त्याची पूर्वेकडची फांदी आहे, स्वतःच एखाद्या झाडाएवढी. अकरा वर्षांपूर्वी तिच्या शेजारची फांदी उतरवताना मी वर होतो, आणि पत्नीचा धाकटा भाऊ खाली दोर धरून होता. कप्पी वरच्या जिवंत बेचक्यात बांधायची होती. त्यासाठी आणखी पंधरा फूट चढावे लागले असते. मी थकलो होतो. वाळक्या खुंटाला बांधली. खुंट मोडला, फांदी झोका घेऊन आली आणि मेहुण्याचा खुबा चुरला. चौकशीत मी सांगितले की त्याने दोर सोडला.

त्याने दोर सोडला नव्हता.

त्याचा परवाना गेला. आता तो करवतींना धार लावतो. पुन्हा कोणी त्याच्या हाती दोर दिला नाही.

त्याच दिवशी बुंधाही फाटला. जखमेत मी सिमेंट भरले आणि पुढे दर वर्षी तपासणीच्या कागदावर ‘झाड सुस्थितीत’ असे लिहून सही केली. नीट बघितले असते तर जुनी गोष्ट उकरली गेली असती, म्हणून बघितलेच नाही. यंदा एप्रिलमध्ये जखमेच्या वर लाकडी हातोडा मारला, तर रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. पूर्वेकडची फांदी पोकळ बुंध्यावर तोललेली आहे.

कलम ४. उद्यान कार्यालयाला मी तीन अर्ज केले. तिथले साहेब म्हणाले, “अहो, सुस्थितीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. ही सही कोणाची?”

“माझीच.”

“मग झालं तर.”

तिन्ही अर्जांच्या पोचपावत्या माझ्यामागे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवाव्यात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “सावली तेवढी एकच आहे हो. मुलींना काय उन्हात बसवू?” शिडीची गाडी शाळेच्या फाटकातून आत जात नाही. मी स्वतः चढायला गेलो. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर दम संपला. जून महिन्यात डब्याच्या सुट्टीत फाटकाशी उभा राहून ओरडलो, मुलींनो, तिथून उठा. मुली हसल्या. पहारेकऱ्याने पाणी पाजले आणि रिक्षात बसवून घरी पाठवले.

आता वारा सुटला की मी पलंगाची कड धरून बसतो. पत्नी विचारते, “दुखतंय का?” मी हो म्हणतो.

कलम ५. करवती, चढायचे पट्टे, कप्प्या हे सर्व मेहुण्याच्या मुलीला, माझ्या भाचीला. ती बापाकडून शिकली आणि माझ्यापेक्षा हलकी चढते. ते झाड तिलाच जमेल. पण खाली बाबा असतील तरच चढेन, असा तिचा हट्ट, आणि माझी साक्ष खोटी ठरत नाही तोवर कार्यालय तिच्या बापाला दोर धरू देणार नाही. माझे दोर मेहुण्याला.

इथवर लिहून कागद पत्नीला वाचायला दिले. तिने दोनदा वाचले. “अकरा वर्षं मी त्याच्या दारावरून मान फिरवून गेले,” ती म्हणाली. “सख्ख्या भावाच्या. तुमचं ऐकून.” मग चपला घालून त्याच्या दुकानात गेली.

गुरुवारी मेहुणा आला. बसला नाही.

“भावोजी, हे तेव्हा का नाही बोललात?”

“काम जाईल म्हणून घाबरलो.”

“माझं गेलंच की.”

मी हात जोडले. तो जोडलेल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पोकळ कुठवर आहे?”

“सिमेंटच्या कडेने कोपरापर्यंत हात जातो.”

“म्हणजे तुमच्या मरणाची वाट बघत बसायला वेळ नाही. हे वेगळ्या कागदावर लिहा, सही करा. आत्ता.”

लिहून दिले. ते घेऊन तो लंगडत थेट कार्यालयात गेला आणि साहेबांची सही होईपर्यंत तिथून हलला नाही.

कलम ६. काल, शनिवारी, शाळा बंद असताना फांदी उतरवली. भाची चढली, मेहुणा खाली होता. संध्याकाळी भाची येऊन म्हणाली, “आतोबा, करवत पाव भागही गेली नव्हती, तर बाकीची आपोआप सुटली. आत नुसता काळा भुगा. सोमवार काही निघाला नसता.” मला रडता येईना, खोकलाच आला.

कलम ५ मधील दोरांची देणगी रद्द समजावी. साक्षीदार म्हणून मेहुण्याची सही असावी असे मला वाटले, पण वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. मेहुण्याला ते कळवले, तर त्याचा निरोप आला: दोर नकोत, सही करतो. दोर भाचीला द्यावेत. माफीबद्दल त्याने काही कळवलेले नाही. पत्नीने किंवा आणखी कोणी माझ्यामागे त्याला त्याबद्दल विचारू नये.

वरील सर्व मी पूर्ण शुद्धीत लिहिले, वाचले, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: १४ सप्टेंबर, रविवार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) उपचार करणारे डॉक्टर

साक्षीदार २: (सही) लिहून ठेवणाराचा मेहुणा. सहीखाली त्याच्याच हाताने: “कलम तीन खरे आहे. बाकीचे मी वाचलेले नाही.”