सातवी लड

बाबा,

आईला आणायला हॉस्पिटलमध्ये चालले आहे. दुपारपर्यंत येऊ.

तिने कातलेल्या लोकरीच्या लडी कोमट पाण्याच्या बादलीत भिजत घातल्या आहेत. दहा वाजता काढा. मागच्या वेळी तुम्ही फरशी पुसायच्या फडक्यासारख्या पिळल्या होत्या, तसं करू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून हलकेच दाबा आणि गॅलरीतल्या दांडीवर टाका.

लडी सात दिसतील. त्यातल्या सहाच तिच्या आहेत. आजारी पडायच्या आदल्या दिवशी कातलेली तिची सातवी आज पाण्यात टाकल्या टाकल्या सुटून गेली. धाग्याला पीळच बसला नव्हता. ती कातताना धागा सारखा तुटत होता, तेव्हा मी तिच्यावर खेकसले होते, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" लक्ष जागेवरच होतं, हातातली ताकद जात होती. आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

घरात आली की ती आधी लडी मोजणार. म्हणून माझ्या हातची एक त्यात घातली आहे. तुम्ही काही बोलू नका.

माझा धागा तिला बोट लावताच कळेल. कळला तरी ती म्हणेल, "छान झाल्यात सगळ्या." तेव्हा नेहमीसारखं चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाऊ नका. तिच्याजवळ थांबा.