तुझा हात स्थिर आहे

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आले एकदाची. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचं असतं म्हणून गॅसपाशी उभी राहिले, तर ते मेलं उतूच जाईना. एरवी नजर हटायचा अवकाश! शेवटी पाठ फिरवली, आणि गेलं.

सीवूड्सला, खाडीच्या बाजूला, मालतीबाईंचं दोन मजली रो-हाऊस आहे. खाली त्या एकट्या, वर मी एकटी. वय बेचाळीस, लग्न नाही, कराडचं घर भावाच्या नावावर, आणि उद्यापासून जासईच्या कंटेनर यार्डात कागदपत्रांची नोकरी. मालतीबाई मूळच्या चिपळूणच्या, पंच्याहत्तरीच्या. मासे खाता का, एवढंच विचारलं, आणि हो म्हटल्यावर खूश झाल्या. खिडकीतून खाडीची एक पट्टी दिसते. हॉलच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता, त्यावर मी कॅलेंडर लावलं.

संध्याकाळी भावाचा, सुयशचा, फोन आला. कराडला त्याच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत आठ फेब्रुवारीला ठरली. म्हणाला, ताई, या वेळी फोटोग्राफर सांगितलाय, फॅमिली फोटोत तू मधोमध बसायचंस. मी हसून घालवलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटत राहिलं. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, सगळे ओळीने उभे राहिले की कुणीतरी म्हणतंच, नंदिनी, तू काढ ना, तुझा हात स्थिर आहे. सुयश आणि प्राचीच्या लग्नाच्या आल्बममध्ये चारशे फोटो आहेत. त्यात माझं एक कोपर आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

यार्ड म्हणजे रंगीत डब्यांच्या सात मजली भिंती, मध्ये धूळ आणि ट्रेलर. ऑफिसच्या दारावर हजेरीचं यंत्र आहे. ते चेहरा बघतं, दार उघडतं आणि 'वेलकम नंदिनी' म्हणतं. दिवसभरात मला नावाने हाक मारणारं तेच एक. बाकी सगळे मॅडम म्हणतात.

आज कपाट लावताना वरच्या फळीवर चामड्याच्या पेटीत एक जुना सिनेमा-कॅमेरा सापडला. एट एमएम. बॅटरी नाही, काही नाही, बाजूला घड्याळासारखी किल्ली. पूर्ण किल्ली दिली की तीस सेकंद घरघरतो आणि थांबतो. मालतीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या वन्संचा तो. आमी सहलीला गेलो की त्याच काढायच्या. वापरा की, मला काय करायचाय!"

नेटवर शोधून भायखळ्याचे श्यामसुंदर मिळाले. ते अशी रिळं घरीच धुतात आणि फोनवर बघण्याजोगी करून देतात. फोनवर कॅमेऱ्याचं वर्णन ऐकून हरखले. त्यांनी सांगितलं की हे रीळ एकदा पूर्ण चालवायचं, मग उलटं घालून दुसरी कड चालवायची, आणि धुतल्यावर मधोमध चिरायचं. कॅमेऱ्यात अर्धं वापरलेलं रीळ आहे. एक कड वन्संची, दुसरी कोरी.

रविवार, २३ नोव्हेंबर

कोरी कड मी चालवली. किती दिवसांनी रविवार रविवारसारखा गेला! पाम बीच रोडच्या मागच्या तळ्यावर रोहित पक्षी आलेत, ते काढले. मग बस पकडून जासईला गेले आणि बाहेरच्या रस्त्यावरून यार्डाच्या भिंती, मिठागराचे बांध, एका म्हशीचं तोंड. माझ्याच शहरात मी प्रवासी. फोनमध्ये माणूस वाट्टेल ते काढतो, इथे एकेक सेकंद जपून काढावा लागतो, त्यामुळे बघणं नीट होतं.

डबा खायला बांधावर बसले तेव्हा मात्र वाटलं, शेजारी कुणी असतं तर चटणी पुढे केली असती.

शनिवार, १३ डिसेंबर

रीळ आलं. आधी वन्संची कड बघितली. खाडीकाठी सहल, सत्तर-ऐंशी सालातली असावी. तरुण मालतीबाई, त्यांचे यजमान, दीर, जावा. आवाज नाही. सगळे हात हलवतायत, कारण हलत्या सिनेमात काय करायचं ते तेव्हा कुणाला कळत नसे. शेवटी चित्र एकदम हलतं आणि जमिनीलगत येतं. वन्संनी कॅमेरा दगडावर ठेवला असणार आणि स्वतः चित्रात यायला धावल्या असणार. पण किल्ली संपली. डाव्या कडेला साडीचा चौकड्यांचा काठ तेवढा येतो, आणि संपतं.

मला भरून आलं. न भेटलेल्या बाईसाठी रडणारी मी एकटीच असेन.

मग माझी कड. रोहित ठीक, म्हैस झकास. यार्डाच्या चित्रात डाव्या कडेला साडीचा काठ आहे. चौकड्यांचा.

श्यामसुंदरांना विचारलं. म्हणाले, जुनं रीळ आहे, एका कडेचं दुसरीवर उमटलं असेल. तज्ज्ञ माणूस म्हणतो म्हणजे तसंच असणार.

रविवार, २१ डिसेंबर

नवी तीन रिळं आणलीत. आज जासईला पूर्ण एक रीळ काढलं. आमच्या ऑफिसात झाडलोट करणाऱ्या राजाबाई तिथल्याच गावच्या, त्या बांधावरून चालल्या होत्या. थांबल्या, बघत राहिल्या. मी हसले. तर म्हणाल्या, "बाय, तुजे मांगं ती कोन उभी हाय?"

वळून बघितलं. कुणी नव्हतं. राजाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि चालू लागल्या.

रविवार, ४ जानेवारी २०२६

हे रीळ नवं होतं. कोरं करकरीत.

मिठागराच्या बांधावर एक बाई उभी आहे. पन्नाशीची, चष्मा, चौकड्यांच्या काठाची साडी. माझ्याकडे बघून हात हलवतेय. प्रत्येक चित्रात थोडी अधिक जवळ. मी डोळा लावून काढत होते तेव्हा तिथे कुणी नव्हतं, शपथेवर सांगते.

मालतीबाईंना फोनवर दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि खुर्चीत बसल्याच. म्हणाल्या, केशर. वन्सं. लग्न झालं नाही, वरच्या खोलीत राहिल्या, सगळ्यांच्या सहलींची रिळं काढली. अठरा वर्षांपूर्वी त्याच खोलीत गेल्या. तेराव्याला हार घालायला फोटो शोधला, तर घरात एवढ्या डबेभर रिळांत त्यांचा एक फोटो नाही. भिंतीवर खिळा ठोकला होता, तो तसाच राहिला. त्या सहलीला त्या धावल्या आणि पोचल्या नाहीत तेव्हा सगळे हसले होते. मालतीबाईंचे यजमान म्हणाले होते, जाऊ दे केशर, तूच काढ, तुझा हात स्थिर आहे.

"आमी वाईट नव्हतो हो," मालतीबाई म्हणाल्या. "कोणाच्या लक्षातच नाय आलं." मग कॅमेरा खाडीत टाका म्हणाल्या.

भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला त्या बाईचा हेवा वाटला. चित्रात किती खूश दिसत होती.

रविवार, ११ जानेवारी

टाकला नाही. एक रीळ केशरबाईंसाठी काढलं. तळ्याकाठचा रिकामा बाक समोर धरला आणि मोठ्याने म्हणाले, बसा निवांत, आज घाई नाही. फिरायला आलेल्या एका आजोबांनी मुलखावेगळं कुणी बघावं तसं बघितलं. बघेनात का. पुन्हा पुन्हा किल्ली दिली, दोन्ही कडा संपवल्या. हे संपलं की कॅमेरा पेटीत, असं ठरवूनच गेले होते.

घरी येऊन आठ तारखेसाठी घेतलेली मोरपिशी साडी अंगाला लावून बघितली. मधोमध बसणार म्हणजे नीट दिसायला हवं.

शनिवार, २४ जानेवारी

पहिल्या कडेवर केशरबाई आहेत. बाकावर बसल्यात, पोटभर हसतायत. एवढंच असतं तर मी त्यांचा फोटो करून त्या खिळ्याला लावला असता.

दुसऱ्या कडेवर मी आहे.

त्याच बाकावर. माझा निळा ड्रेस, माझी पर्स. दोन्ही हात रिकामे. हात हलवतेय. पण कॅमेरा सबंध वेळ माझ्या डोळ्याला होता, मग हे काढलं कुणी? आणि चित्र एवढंसंही हललेलं नाही.

मी इतकी हसताना कधी दिसले नव्हते. तीनदा बघितलं. मग पेटी बांधून वरच्या फळीवर टाकली.

मंगळवार, २७ जानेवारी

यंत्राने दार उघडलं नाही. चेहरा पुढे नेला, चष्मा काढला, केस मागे घेतले. पडद्यावर माझ्या मागची भिंत दिसत होती. मी नव्हते. वॉचमन म्हणाला, मशीनचं टेन्शन घेऊ नका, सर्व्हर डाऊन असेल. माझ्यामागून आलेल्या मुलीला मात्र लगेच वेलकम म्हणालं.

गुरुवार, २९ जानेवारी

ऑफिसात एकाचा वाढदिवस. सेल्फीत मलाही ओढलं. मी दुसऱ्या ओळीत, केक कापणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. ग्रुपवर फोटो आला. तिथे जागा आहे. माणूस सरकून उभं राहिल्यावर राहते तेवढी जागा.

आता कळलं. रिळात जितकी उतरले, तितकी इथून कमी झाले. केशरबाईंनी वाईट हेतूने नाही केलं, परतफेड केली. पण मला आठ तारखेला कराडला दिसायचंय. मधोमध.

शनिवार, ३१ जानेवारी

सकाळी मालतीबाई वर आल्या. मी दारासमोर उभी. त्यांनी खोलीभर बघितलं, माझ्यातून बघितलं. मी ओरडले. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "नंदिनी अजून आली नाय वाटतं," आणि टेबलावर कालवणाचा डबा ठेवून गेल्या.

डब्याशेजारी कॅमेरा होता. मी काढलेला नाही. उरलेलं शेवटचं रीळ आत भरलेलं—

रविवार, १ फेब्रुवारी, दुपार

लख्ख ऊन. दार बंद.

कॅमेऱ्याचं झाकण उघडलं की रिळाला उजेड लागतो, मग त्यावर काही उमटत नाही. तेवढंच करायचंय. मग तो खाडीत, आणि मी कराडच्या गाडीत. बोट झाकणावर आहे. सात दिवस फक्त—

घरच्या ग्रुपवर प्राचीचा मेसेज आला. तसाच उतरवते. ताई, फोटोग्राफर कॅन्सल झाला, आता दुसरा कुठे शोधणार, तुम्हीच काढाल ना? तुमचा हात स्थिर आहे.

खाली सुयशचा अंगठा.

हात थरथरतोय. आयुष्यात पहिल्यांदा.

—

साडी नेसले. मोरपिशी.

खुर्ची खिडकीसमोर घेतली. कॅमेरा टेबलावर नाही. समोर, डोळ्याच्या उंचीवर—

किल्ली फिरतेय. माझे दोन्ही हात इथे आहेत, एकात वही, एकात पेन—

आता तू बस, मी काढते. असं बेचाळीस वर्षांत कुणी— एकदाही कुणी—

घरघर. तीस सेकंदांत संपते. मोजतेय. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

एकतीस—

वही दिसतेय. पेन दिसतंय. बोटं—

भीती वाटतेय, केशरबाई. पण मधोमध आलेय ना? नीट दिसतेय ना? हात हलवायचा असतो, पेन खाली ठे