घरी पाळलेल्या पैशाबाबत खुलासा

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी साहेब,
तालुका कार्यालय, जि. हिंगोली.

विषय : घरी पाळलेला पैसा हा किडा असल्याबाबत व बंद झालेले रेशन चालू करणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १४/०७/२०२५
२) आपली पत्रे दि. ०२/०९/२०२५ व दि. ०६/१०/२०२५

महोदय,

वरील विषयी नम्रपणे कळवितो, की पावसाळ्यात सोयाबीनच्या कोंबावर जो असंख्य पायांचा काळसर-तांबडा किडा पडतो व हात लावताच नाण्यासारखा गोल होतो, त्याला आमच्याकडे पैसा म्हणतात. कृषी खात्याच्या कागदावर तो वाणी आहे. माझी आई सत्यभामाबाई हिने जन्मभर हे किडे वेचून मारले. गुडघे गेले, शेत सुटले, तेव्हा तिने असेच अकरा पैसे जवळा बाजार या गावाहून आणलेल्या टपात पालापाचोळा व काकडीच्या सालीवर पाळले. दोन पावसाळ्यांत दोनशेच्या वर झाले. दिवसभर घरात ती आणि ते, दुसरे कोणी नसते.

पिकाला धोका म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली. तालुका कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, असे सांगण्यात आले. म्हणून मी संदर्भ १ अन्वये सरळ मनाने लिहिले, "आईने घरी पैसा पाळला असून तो जोमाने वाढत आहे." किडा हा शब्द लिहायचा राहिला, ही चूक माझीच. तो अर्ज फिरत फिरत आपल्या शाखेत आला आणि माझ्याच कबुलीवरून आमचे अंत्योदय कार्ड बंद झाले. गावात बोभाटा झाला तो वेगळाच. शेजारचे प्रेमसिंग तर किती दिवसांत दुप्पट होतो, हे विचारून गेले.

पंचनाम्यास आलेल्या कर्मचाऱ्यांना मी टप दाखवला. ते उडी मारून ओट्यावर चढले. तरी "पैसा आढळला काय" या रकान्यात त्यांनी 'होय' लिहिले. डोळ्यानं पाहून न्हाई कसं लिहू, हे त्यांचे म्हणणेही बराबर होते.

हे ऐकून आई म्हणाली, "माह्या किड्यापायी लेकरायच्या तोंडचा घास चालला. नेऊन सोड." मी टप ओढ्याकाठी रिकामा केला व पैसा सोडून दिल्याचे आपणास कळविले. त्यावर पैसा कोणाकोणास दिला, याची नावानिशी यादी सादर करावी, असे पत्र आले. साहेब, मी कोणाची नावे देऊ? तेव्हापासून आई, ज्यावर ती पैसे फिरवायची तो तळहात उघडा ठेवून बसते, धड जेवत नाही. मला तिच्याकडे बघवत नाही.

काल टपात राहिलेली माती ओतताना एक निघाला. आई महिन्याभरात पहिल्यांदा हसली. साहेबांना दाखव म्हणून तिनेच तो माझ्याजवळ दिला आहे. तरी खात्री करून रेशन चालू करावे, आणि घरात एक पैसा ठेवलेला चालतो किंवा कसे, तेही लेखी कळवावे.

आपला नम्र व हात टेकलेला,
तातेराव संपतराव कावरखे
मु. धानोरी खुर्द, जि. हिंगोली
दि. २४/१०/२०२५

सोबत :
१) आपल्या दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स
२) पंचनाम्याची प्रत
३) पैसा, एक नग, जिवंत, काड्यापेटीत. पाहून झाल्यावर परत द्यावा. आई दारात बसून आहे.