धाकटीच्या घरचं पाणी

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि पाठदुखी एवढा संसार घेऊन दुपारी साडेतीनला धाकटीच्या दारात उतरले. नवी वही आजपासूनच सुरू करतेय. शाळेच्या ग्रंथालयात सत्तावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या. गेल्या महिन्यात शाळेने ग्रंथालयच बंद केलं आणि मला घरी बसवलं. वेळ टाकून लिहायची खोड मात्र सुटली नाही.

धाकटी म्हणजे माझी बहीण, बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा मी अठराची, ती सहाची. तिच्या वेण्या, तिचा अभ्यास, तिचे ताप, सगळं मी काढलं. त्या गडबडीत माझं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. असो. आता तिचं घर असं की बघत राहावं. मला खालची खोली दिलीय. टेबल, दिवा, स्वच्छ चादर, आणि खिडकीसमोर थेट पोहण्याचा तलाव. मेहुणे स्वतः बॅगा उचलून घेऊन आले. माणूस चांगला आहे, त्यात काही खोट काढता येत नाही. मी प्रयत्न केला.

मी आलेय ती भाचीसाठी. चिमणी सात वर्षांची. सायकलवरून पडली, मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, पण गुडघा काठीसारखा ताठ, चालायला कुबडी. डॉक्टरांनी सांगितलंय की रोज कोमट पाण्यात व्यायाम करा. चोवीस तारखेपर्यंत गुडघा वाकला नाही तर भूल देऊन जबरदस्तीने वाकवावा लागेल, आणि मग पाय पहिल्यासारखा होईलच असं नाही. गावातला तरणतलाव दुरुस्तीला काढलाय, म्हणून मेहुण्यांनी घरच्या तलावालाच गॅसचा हीटर बसवून घेतला. कपाटाएवढी करडी पेटी, समोर बोटाएवढी काच, त्यातून आतली ज्योत दिसते.

पाच वाजता सगळे पेटीसमोर जमलो. मेहुण्यांनी बटण दाबलं. टिक, टिक, टिक, टिक. निळी ज्योत लागली, थरथरली आणि गेली. तीनदा तेच. सगळ्यांची तोंडं उतरली. खोटं कशाला लिहू, मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, या घरातही काहीतरी बिघडतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मिस्त्री आला. किडकिडीत, कानाला पेन्सिल, यंत्राशी बोलणारा. नवीन नळीत हवा अडकली असणार म्हणाला. हवा काढली, बटण दाबलं, आणि पेटला की! रुसलेला जावई होता, आता बसला जेवायला, असं म्हणून तो गेला. दुपारभर हीटर व्यवस्थित चालला.

चार वाजून वीस मिनिटांनी बंद पडला. मी खिडकीतच होते. धाकटी तलावाकाठी बसून चिमणीचे केस विंचरत होती. चिमणीने डोळे मिटून मान मागे तिच्या छातीवर टेकली होती. धाकटीही लहानपणी माझ्याजवळ अशीच बसायची. कोणी कधी माझ्याकडे बघून म्हटलं का, की किती छान दिसता तुम्ही दोघी? तेवढ्यात पेटीची घरघर थांबली.

८ नोव्हेंबर, शनिवार

मिस्त्री पुन्हा आला. फिल्टर धुतला. पाणी वाहतंय की नाही ते बघणारा स्विच तपासला. ज्योत ओळखणारी एक कांडी असते, ती काढून घासली. सगळं ठणठणीत. त्याच्यासमोर यंत्र शहाण्या पोरासारखं चालतं, त्याची पाठ फिरली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

त्याची एक पद्धत आहे. पेटीच्या बाजूला त्याने एक कार्ड टांगलं, दोऱ्याला पेन्सिल बांधली. हीटर बंद पडला की जो जवळ असेल त्याने वेळ लिहायची. म्हणाला, निम्मे बिघाड यंत्रात नसतातच, घरात असतात. कोणी भलताच नळ सोडतं, कोणी फाटक उघडतं आणि वारा आत येतो. वेळा कळल्या की चोर सापडतो.

बुधवारची चार वीस आणि आज सकाळची नऊ दहा, या वेळा धाकटीनेच आठवून लिहिल्या. नऊ दहाला मी खिडकीत चहा पीत होते. मेहुण्यांनी तिला कप दिला आणि तिच्या गालावरची बट कानामागे सारली. लग्नाला पंधरा वर्षं झाली यांच्या. कौतुकं संपत नाहीत. मला काय त्याचं? माझा चहा तेवढा गार झाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते, दुपारी एकला निघाले. साडेपाचला परत आले तर तलावावर वाफ! मी गेल्याबरोबर हीटर लागला तो अखंड चालू होता. तिघंही पाण्यात. चिमणी बापाच्या हातांवर आडवी, धाकटी तिचा पाय हळूहळू वाकवतेय, आणि तिघं कशावरून तरी पोट धरून हसतायत. मी काचेच्या दाराशी उभी राहिले, हातात पिशवी, अर्धा जबडा बधिर. त्यांना मी दिसले नाही. दिसले असते तरी काय फरक पडला असता! अंगाची लाही लाही झाली. पाच पस्तीसला पेटी थांबली.

मग धाकटी म्हणाली, बरं झालं ताई आलीस, तुझ्याशिवाय करमत नव्हतं. अशी गोड बोलते ना, की रागवायचीही सोय नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्रीने आतला सगळा विद्युत फलक बदलला. तरीही दुपारी दोनदा बंद. आता त्यालाच चोर सापडेना. जाताना त्याने मला सहज विचारलं की मंगळवारी तुम्ही घरी नव्हता ना? मी हो म्हटलं. त्याने कार्डावर एकदा नजर टाकली आणि पान्हे गोळा करायला लागला.

तो गेल्यावर कार्ड काढून आणलं. वही शेजारी ठेवली.

पाच तारीख, चार वीस. केस विंचरणं. आठ तारीख, नऊ दहा. गालावरची बट. अकरा तारीख, पाच पस्तीस. कार्डावर नऊ वेळा आहेत. माझ्या वहीत त्यातल्या तीन, मिनिटासकट. उरलेल्या सहा मी लिहिल्या नव्हत्या, पण त्या वेळी मनात काय होतं ते मला चांगलं आठवतंय.

नजर लागते म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. आजही हसायचा प्रयत्न केला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

करून पाहिलं. धाकटी स्वयंपाकघरात गुणगुणत दूध तापवत होती. मी दारात उभी राहिले आणि मनात म्हटलं, हे सगळं माझं असायला हवं होतं. म्हणायची सक्ती करावी लागली नाही, ते तयारच होतं. शेगडी विझली. तिने पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. गॅस संपला वाटतं, म्हणाली.

हॉलमधला तिचा लाडका वेल, येणारे-जाणारे ज्याची वाखाणणी करतात, तो मुळापासून काळा पडलाय. आल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत खुपत होता.

तलावाचं पाणी पुन्हा बर्फ. चिमणीचा गुडघा होता तिथेच. दहा दिवस उरले. मला तिचा पाय हवाय, खरंच हवाय. मला जायला हवं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बॅग भरली, उद्या निघते म्हणून सांगितलं. चिमणीने घर डोक्यावर घेतलं. मावशी गेली तर मी पाण्यातच उतरणार नाही म्हणाली. आई घाई करते, आई रडते, मावशी गोष्ट सांगते. माझ्या कमरेला तिने जी मिठी मारली ती सुटेना. धाकटी समजावत होती, तिच्याकडे पोर बघेना.

शेवटी मीच पाण्यात उतरले. धाकटीचा जुना पोशाख घालून, ह्या वयात. चिमणी गळ्यात हात टाकून लोंबकळली. टिक, टिक, टिक, टिक. हीटर लागला. दिवसभर लागून होता.

उमगलं. मला काही कमी नव्हतं, म्हणून.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बत्तीस अंश! कार्डावर एकही नवी वेळ नाही. गुडघा जवळजवळ अर्धा वाकला. चिमणी माझ्याच हातून जेवते, माझ्याच खोलीत झोपते. आज चुकून मला आई म्हणाली. धाकटी शेजारीच टॉवेल घेऊन उभी होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण ऊर इतका भरून आला की काय सांगू. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचंही काही नको झालंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज बंद पडला. चार पन्नास.

मी पाण्यात होते. सुखात होते. चिमणी गोष्ट ऐकत होती, मनात तिळाएवढंही वाईट नव्हतं, देवाशप्पथ. तरी बंद पडला.

मान वळवली तर काचेच्या दारामागे धाकटी. हातात घडी केलेला टॉवेल. ओठ हसरे, डोळे नाहीत. ते डोळे मला माहीत आहेत. रोज आरशात बघते.

चिमणीला बाहेर काढलं तेव्हा कुडकुडत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चिमणीचं अंग गार. तीन रजया. थर्मामीटर पस्तिसाच्या वर चढत नाही. डॉक्टर येऊन गेले, अशक्तपणा म्हणाले, गरम पाण्याच्या पिशव्या द्या म्हणाले. पिशव्या माझ्या हातातच निवतात.

धाकटीला एकटीला गाठून सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं, वही दाखवली. तिने वाचलं. सगळं वाचलं, बट, चहा, सगळं. मग शांतपणे म्हणाली, असं काय करतेस ताई, मला तुझा कसला हेवा? आणि माझ्या खोलीकडे बघितलं, चिमणी झोपली होती तिकडे.

दुपारभर विचार करतेय. मी धाकटीचा हेवा केला, पण तिला काय झालं? काही नाही. ठणठणीत आहे. विझलं ते तिच्याकडचं. हीटर. शेगडी. वेल.

आता ती माझा हेवा करते. आणि माझ्याकडे काय आहे? दोन बॅगा आणि —

२० तारीखच, पाच वाजता

चिमणीला आईकडे दिलं. उचलून नेऊन दिलं. रागावले तिला, मला नकोस म्हणाले. रडली. आईच्या कुशीत अंग तापू लागलं — छत्तीस — सव्वाछत्तीस. पडद्याआडून बघत होते. धाकटीने तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि मला — मला आवरलं नाही. एक क्षण. फक्त एक क्षण.

चौतीस पूर्णांक आठ.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

सव्वाआठची टॅक्सी सांगितलीय. कोणाला न भेटता जायचं. मनात काही आणायचं नाही. पाढे म्हणायचे. बे एके बे.

रात्री डॉक्टरांना पुन्हा बोलावलं, त्यांच्या औषधाने चिमणी छत्तिसावर आलीय. मेहुणे जागे होते. माझ्याकडे बघत नाहीत.

आठ पाच. दाराशी पाऊल वाजतंय. एक पाऊल, एक घसटा. कुबडी नाही —

चिमणी. चालत आलीय! गुडघा वाकवून, एकटी. आईच्या खोलीतून निघून माझ्याकडे. बघ मावशी म्हणतेय, बघ. मी बघत नाहीय. मी वहीत बघतेय. जा म्हटलं, आईकडे जा. ऐकत नाही. मांडीवर चढलीय. माझ्या हाताखाली डोकं घालतेय, अक्षर हलतंय —

मागे धाकटी आलीय. दारात आहे. पहिलं पाऊल तिने पाहिलं, आणि ते कोणाकडे पडलं तेही. मान वर करायची हिंमत नाही. धाकटे, बघू नकोस. मी जाते, ही तुझीच आहे, बघू नकोस, डोळे मीट —

बाहेर टॅक्सीचा हॉर्न. पोर उठत नाही. हात सोडवतेय, बोटं घट्ट धरून ठेवलीत, किती गार, चिमणे, सोड ना ग, चिमणे, ऐक, बोल काहीतरी, चिम