सगळी वाडी एका वाय-फायवर

मंगळवार, महाड

दरडीच्या खबरीचं ॲप आज वर कुडपणच्या वाडीत लोकांकडून तपासून घेतलं आणि माझ्याच प्रोग्रामने माणसं परत पाठवली. खूप विनंत्या एकदम आल्या की सर्व्हर कोसळतो, म्हणून एका इंटरनेट-पत्त्यावरून मिनिटाला ठरावीकच घ्यायच्या, अशी मर्यादा घातली होती. इथे महाडला चोख चालली. पण वर वाडीत रेंज नाही. सगळे शाळेच्या वाय-फायवर. प्रोग्रामला अख्खी वाडी मिळून एकच माणूस दिसला, तोही आगाऊ.

वाडीतल्या माझ्या मावशीने तिथूनच व्हॉट्सॲपवर फोन लावला. "तुजं ॲप बोलतंय, थोड्या वेळाने प्रयत्न करा. डोंगराला पन तसंच सांगू काय गो?" मागे सगळे हसले.

थोड्या वेळाने. ते वाक्य मीच लिहिलं, सभ्य वाटावं म्हणून.

आता मोजणी प्रत्येक फोनची वेगळी. जास्तीची विनंती नाकारायची नाही, रांगेत ठेवायची. जमिनीला तडा गेल्याची खबर आधी घ्यायची. पण घाबरलेला प्रत्येक जण तडाच म्हणेल, मग पुढे कोण?

मावशीला विचारलं, खबर पोचलीच नाही तर काय कराल?

"पळू. तुला मागनं कळवू."